पाळीच्या तोंडावर दमा का उसळतो? इस्ट्रोजेनचा हात किती आणि कुठे

प्रश्न असा आला आहे: वय ३४, दमा तेराव्या वर्षी सुरू झाला. धाकट्या भावाला बाळदमा होता, तो वयात आल्यावर गेला; तिचा स्वतःचा मात्र त्याच वयात सुरू झाला आणि मागे लागला. दर महिन्याला पाळीच्या चार-पाच दिवस आधी खोकला, रात्री छातीत घरघर, पंप दोन-तीनदा. एका ठिकाणी ‘योगायोग आहे’ म्हणून सांगितलं. नंतर कुठेतरी वाचलं की इस्ट्रोजेनमुळे ॲलर्जीचा दमा वाढतो. मग इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी घ्यावी का? आणि दहा वर्षांच्या मुलीलाही हे होईल का?

ताई, योगायोग नाही. दमा असलेल्या बायकांपैकी साधारण ३० ते ४० टक्के जणी पाळीच्या आसपास त्रास वाढतो असं सांगतात. रॉबर्ट फ्रँक या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९३१ साली पाळीपूर्वीच्या तक्रारींवर निबंध लिहिला, त्यातसुद्धा या दिवसांत दमा उसळणाऱ्या बाईची नोंद आहे. म्हणजे तक्रार कागदावर येऊन नव्वद वर्षं उलटली, तरी ओपीडीत ती निघत नाही. छातीच्या डॉक्टरसमोर पाळीचं कशाला काढायचं असं बाईला वाटतं, आणि आम्ही धूळ, थंडी, मांजर सगळं विचारतो पण पाळीची तारीख विचारायची राहून जाते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही लगेच देते: दम्यासाठी इस्ट्रोजेन कमी करणारं कुठलंही औषध घेऊ नका. का नको, हे कळायला हे बायकी संप्रेरक (हॉर्मोन) श्वासनळीत नेमकं काय करतं ते पाहावं लागेल. प्रकरण ‘इस्ट्रोजेन वाढलं की दमा वाढला’ इतकं सरळ नाही.

भावापासून सुरुवात करू. लहानपणी दमा मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त दिसतो. त्यांच्या श्वासनळ्या फुप्फुसांच्या आकाराच्या मानाने अरुंद असतात, हे त्याचं एक कारण. वयात येताना चित्र पालटतं आणि मोठेपणी दमा बायकांमध्ये जास्त, शिवाय जास्त हट्टी. ॲडमिट व्हावं लागण्याचं प्रमाणही त्यांच्यातच अधिक. यात इस्ट्रोजेनचा वाटा आहेच, पण निम्मी गोष्ट टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. ॲलर्जीच्या सुजेत ‘आयएलसी-२’ नावाच्या पांढऱ्या पेशी फार लवकर कामाला लागतात. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या आणि अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवलं की पुरुषी संप्रेरकं या पेशींची वाढ रोखतात. तेव्हा तुमच्या भावाला मिसरूड फुटताना आतून एक लगामही मिळाला. तुम्हाला तो मिळाला नाही, आणि वर इस्ट्रोजेनचं चक्र सुरू झालं.

आता श्वासनळीच्या आत. समजा गादीतल्या धुळीचे माइट नाकातोंडावाटे आत गेले. नळीच्या अस्तरातल्या पेशी त्याने दुखावतात आणि आयएल-३३सारखे धोक्याचे निरोप सोडतात. त्या निरोपावर आयएलसी-२ पेशी आणि टी-पेशींचा एक गट (टीएच-२) जागा होतो आणि आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ ही रसायनं सुटतात. त्यांच्यामुळे आयजीई ही ॲलर्जीची प्रतिपिंडं तयार होतात, इओसिनोफिल पेशी रक्तातून श्वासनळीत जमा होतात, चिकट कफ सुटतो. आयजीई मास्ट पेशींवर (ॲलर्जीची रसायनं साठवून ठेवणाऱ्या पेशी) जाऊन बसतं. पुढच्या वेळी तोच माइट आला की मास्ट पेशी फुटतात, हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन बाहेर पडतात, नळीभोवतीचा स्नायू आवळतो. तुम्हाला ऐकू येते ती घरघर इथली.

या साखळीच्या जवळजवळ प्रत्येक कडीवर इस्ट्रोजेनसाठी जागा आहे. अस्तराच्या पेशी, मास्ट पेशी, टी-पेशी, नळीचा स्नायू, सगळीकडे त्याचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकाचा निरोप पकडणारे रेणू) सापडतात. मुख्य प्रकार दोन, अल्फा आणि बीटा. अल्फा ग्राहकावाटे इस्ट्रोजेन बहुतेक वेळा ॲलर्जीच्या बाजूने झुकतं. प्रयोगशाळेत मास्ट पेशींवर इस्ट्रॅडिऑल (शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन) टाकलं तर ॲलर्जीचं द्रव्य नसतानाही त्या काही प्रमाणात आपला साठा सोडतात, आणि ॲलर्जीचं द्रव्य बरोबर असेल तर जास्त सोडतात. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या प्रयोगशाळेतून २००७ च्या सुमारास आलेल्या या कामात अल्फा ग्राहक नसलेल्या उंदरांच्या मास्ट पेशींवर हा परिणाम जवळपास दिसला नाही. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या गटाने उंदीरमाद्यांची बीजकोषं काढून मग त्यांना ॲलर्जीचा दमा घडवला, तेव्हा फुप्फुसातली सूज कमी निघाली. इस्ट्रॅडिऑल परत दिल्यावर ती वाढली.

इथवर वाचलं की वाटणारच, मग घालवा ते इस्ट्रोजेन. पण त्याच २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण-आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी अल्फा ग्राहक नसलेल्या उंदरांना मेथॅकोलिनचा फवारा दिला. दमा तपासताना आम्हीही कधीकधी हाच फवारा वापरतो, नळी किती चटकन आवळते ते बघायला. या उंदरांच्या नळ्या इतरांपेक्षा जास्त आवळल्या. म्हणजे जो ग्राहक सुजेला खतपाणी घालतो, त्याच्याचमुळे नळीचा चिडकेपणा काबूत राहत होता. स्नायूवर इस्ट्रोजेनचं काम उलट्या दिशेचं आहे: ते पेशीत शिरणारं कॅल्शियम कमी करतं, नायट्रिक ऑक्साइड वाढवतं, स्नायू सैल होतो. बीटा ग्राहकही बऱ्याच प्रयोगांत याच बाजूला उभा दिसला आहे. थोडक्यात, एकाच रेणूच्या एका हाताने सूज वाढते आणि दुसऱ्या हाताने नळी उघडी राहते. एकच हात बांधणारी गोळी दम्यासाठी आज बाजारात नाही. दोन्ही हात बांधणाऱ्या आहेत. त्या स्तनाच्या कर्करोगात किंवा एंडोमेट्रिओसिसमध्ये वापरतात, आणि हाडं ठिसूळ होण्यापासून अंगाची लाहीलाही होण्यापर्यंत त्यांची किंमत मोजावी लागते. मासिक घरघरीसाठी ती मोजायचं काही कारण नाही.

तुमचा त्रास कोणत्या दिवसांत होतो ते आता चक्रावर ठेवून बघा. २८ दिवसांच्या चक्रात इस्ट्रॅडिऑलचं शिखर येतं बीज सुटायच्या जरा आधी, १२-१३ व्या दिवशी. मग थोडं उतरून विसाव्या-एकविसाव्या दिवसाच्या आसपास दुसरी, बसकी चढण, या वेळी प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या बायकी संप्रेरकासकट. आणि पाळीच्या आधीचे तीन-चार दिवस? दोन्ही कोसळत असतात. इस्ट्रोजेनच्या पातळीनेच दमा वाढत असता तर तुम्ही महिन्याच्या मधोमध बेजार झाला असता. माझं मत असं की दोष पातळीला देण्यापेक्षा उताराला द्यावा: दुसऱ्या पंधरवड्यात सुजेची तयारी झालेली असते, आणि नळी सैल ठेवणारा हात नेमका तेव्हाच निघून जातो. संशोधकांत यावर एकवाक्यता नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीत दम्याचा अटॅक येऊन इमर्जन्सीत आलेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्या पाळीच्या आसपासच्या दिवसांत आलेल्या होत्या. पुढच्या पाहण्यांत तो आकडा इतका ठळक निघाला नाही, काहींत तर बीज सुटण्याआधीचे दिवस वाईट ठरले. शिवाय एका ब्रिटिश गटाला असं आढळलं की निरोगी बायकांत दुसऱ्या पंधरवड्यात बीटा-२ ग्राहक वाढतात, म्हणजे ज्यांच्यावर तुमचा साल्ब्युटामॉलचा पंप काम करतो ते. दमा असलेल्या बायकांत ही वाढ दिसली नाही. त्या दिवसांत ‘पंप लागू पडत नाही’ असं बायका सांगतात, त्याला हे एक कारण असू शकतं.

हे झालं शास्त्र. पण माझ्याकडे अशी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकीचं कारण संप्रेरकच निघतं असं नाही, आणि हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

सगळ्यात आधी विचारते, पाळीत पोटदुखीला काय घेता? आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं: मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिनची जोडगोळी, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय. मेफेनॅमिक ॲसिड हे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांच्याच घराण्यातलं. प्रौढ दमेकऱ्यांपैकी सुमारे ७ टक्क्यांना या घराण्याची बाधा होते आणि त्यात बायका जास्त. या गोळ्या ज्या वाटेने वेदना थांबवतात, त्याच वाटेने अशा लोकांत ल्युकोट्राइनचा लोंढा सुटतो. एका शिक्षिकेची डायरी अजून लक्षात आहे. पानावर ओळीने लिहिलेलं: ‘रात्री ९, पोटदुखी, गोळी. साडेनऊ, नाक गच्च, डोळे लाल. दहा वाजून वीस, छाती भरली, शेजारच्या काकूंकडून मशीन आणून वाफ घेतली.’ पुढच्या महिन्याच्या पानावर वेळा वेगळ्या, क्रम तोच. नाकात पॉलिप (मऊ गाठी) होते, वास येत नव्हता, हे विचारल्यावर सांगितलं. तिची ती गोळी बंद केली, पॅरासिटामॉल ५०० आणि गरम पाण्याची पिशवी यावर आणलं, नाकाचे उपचार सुरू केले. पाळीआधीची थोडी कुरकुर राहिली, पण रात्रीचं मशीन सुटलं. गोळी घेतल्यापासून अर्धा ते तीन तासांत नाक वाहणं आणि दम लागणं हा क्रम तुमच्याकडे असेल, तर त्या घराण्यातलं काहीही घेऊ नका आणि तुमच्या डॉक्टरांना हे ठळकपणे सांगा. ‘बघू पुन्हा घेऊन’ असा प्रयोग घरी करायचा नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या फेरीत, भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. अंगावरून जास्त जात असेल आणि हिमोग्लोबिन आठवर आलेलं असेल तर जिना चढताना धाप लागणारच, तिला दमा समजून पंप वाढवत नेण्यात अर्थ नाही. भरीला प्रोजेस्टेरॉन मेंदूतल्या श्वासकेंद्राला चाळवतं, त्यामुळे दुसऱ्या पंधरवड्यात काही जणींना श्वास अपुरा वाटतो, नळ्या मात्र साफ असतात. अशा धापेत घरघर नसते, रात्री अडीच-तीनला खोकून जाग येत नाही आणि पीक फ्लो (फुंकेचा सर्वांत जास्त वेग) पडत नाही.

म्हणून पीक फ्लो मीटर घ्या. प्लास्टिकची साधी नळी आहे, जोरात फुंकायचं आणि काटा वाचायचा, स्वस्तही आहे. सकाळी उठल्यावर आणि रात्री, पंप घेण्याआधी, तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. शेजारी पाळीचा दिवस, पंप किती वेळा, वेदनेची गोळी, सर्दी-ताप, घरात रंगकाम वा झाडलोट. असे तीन महिने. खऱ्या पाळी-संबंधित दम्याचा तक्ता बघितला की शंका उरत नाही: महिनाभर ३६०-३७० च्या घरात फिरणारी रेघ पंचविसाव्या दिवसापासून ३४०, ३१०, २८० अशी उतरते आणि पाळीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा वर येते. साधारण २० टक्क्यांहून जास्त घसरण महिन्यामागून महिना त्याच दिवसांत दिसली तर तो अर्थपूर्ण पुरावा धरतात. एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नका. गौरी-गणपतीत बिघडलेल्या दम्यात माळ्यावरून उतरवलेल्या सामानाची धूळ, धूप-अगरबत्ती, पावसाळी बुरशी आणि जागरण यांचाच वाटा मोठा असतो, मग पाळी त्या आठवड्यात असो वा नसो. आणि त्याच दिवसांत पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही लिहा, कारण त्या महिन्याचं चक्र तुमचं नैसर्गिक चक्र नसतंच. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी जो रक्तस्राव होतो तो औषध सुटल्याचा असतो.

तक्ता हाती आला की उपचार बहुतेक वेळा कंटाळवाणेच असतात, आणि तेच चालतात. पाळीआधी दमा उसळणाऱ्या बऱ्याच जणींचा दमा उरलेल्या तीन आठवड्यांतही पुरता काबूत नसतो, तो फक्त जाणवत नाही. तुम्ही ‘पंप’ म्हणताय तो साल्ब्युटामॉलचा एकटा असेल तर आधी तिथे दुरुस्ती. दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने, ‘जीना’ने, २०१९ पासून मोठ्यांमध्ये एकट्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळायला नको म्हटलं आहे, कारण त्याने नळी उघडते पण सूज तशीच राहते. सूज उतरवणारं स्टेरॉइड, तेही श्वासावाटे, मायक्रोग्रॅममध्ये, रोज. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलसारखा जोडपंप असेल तर तोच रोज आणि तोच गरजेला, असं करता येतं. हे औषध फक्त त्या चार दिवसांत सुरू करून भागत नाही, त्याचा पुरता परिणाम यायला दिवस-आठवडे लागतात. रोजचा डोस त्या आठवड्यापुरता वाढवायचा का, ते तक्ता बघून डॉक्टर ठरवतील. पंप ओढायची पद्धत एकदा कुणासमोर करून दाखवा. दाबणं आणि ओढणं जुळत नसेल तर स्पेसर (पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं) लावा. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो टाळून गावोगावच्या पुड्या खाणाऱ्या अजून भेटतात; त्यांतल्या कित्येक पुड्यांत स्टेरॉइडच असतं, फक्त मिलिग्रॅममध्ये आणि न सांगता.

मॉन्टेलुकास्ट ही ल्युकोट्राइन अडवणारी गोळी पाळीआधीच्या दम्यात काहींना उपयोगी पडते, छोट्या अभ्यासांत तसं दिसलं आहे. पण २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिच्यावर मनःस्वास्थ्याबद्दल सगळ्यात कडक दर्जाचा इशारा छापायला लावला. झोप बिघडणं, चिडचिड, निराशा, आत्महत्येचे विचार असं काही जाणवलं तर लगेच थांबवून डॉक्टरांना कळवायचं. ज्यांना पाळीआधी मन आधीच खाली जातं त्यांच्याबाबतीत मी हात आखडता घेते.

गर्भनिरोधक गोळ्यांचं म्हणाल तर त्यांतल्या बहुतेकांत इस्ट्रोजेन असतं, आणि तरीही २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या नोंदवहीच्या अभ्यासात त्या घेणाऱ्या दमेकरी बायकांत गंभीर अटॅक काहीसे कमी दिसले. उतारच नाहीसा झाला तर त्रास घटतो, या अंदाजाशी हे जुळतं, सिद्ध मात्र होत नाही. जीनासुद्धा नेहमीच्या उपचारांच्या जोडीला या गोळ्यांचा किंवा मॉन्टेलुकास्टसारख्या गोळीचा उपयोग होऊ शकतो एवढंच म्हणते, आणि तेही सगळ्यात कमकुवत पुराव्याच्या शिक्क्यानिशी. तुम्हाला गर्भनिरोधन हवंच असेल, तर दम्याला भिऊन गोळी नाकारू नका. धूम्रपान, अर्धशिशी, रक्तात गुठळी होण्याचा इतिहास, रक्तदाब हे मात्र स्त्रीरोगतज्ज्ञाला आधी सांगा. फक्त दम्यासाठी म्हणून मी ही गोळी पहिल्या फेरीत कधीच सुचवत नाही.

दिवस राहिले तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण या वयात सांगून ठेवते. गरोदरपणात इस्ट्रोजेन कितीतरी पटींनी चढतं, तरी जुना हिशेब असा आहे की ढोबळमानाने तिघींतल्या एकीचा दमा सुधारतो, एकीचा बिघडतो, एकीचा तसाच राहतो. बिघडायचा तो बहुधा सहाव्या ते आठव्या महिन्यात बिघडतो. त्यातले बरेच बिघाड ‘बाळाला नको’ म्हणून सासूबाईंनी किंवा स्वतःच पंप बंद केल्यामुळे होतात. बाळाला धोका आहे तो आईला ऑक्सिजन कमी पडण्याचा. श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडांत बुडेसोनाइडचा गरोदरपणातला अनुभव सगळ्यात मोठा आहे, ते चालू ठेवायचं. आणि बाळंतपणाच्या फाइलवर पहिल्याच पानावर ‘दमा’ लिहून घ्या, कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला कार्बोप्रोस्ट नावाचं इंजेक्शन वापरतात, ते श्वासनळी आवळतं. दमा असेल तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात, पण त्यांना ते त्या धावपळीत माहीत असायला हवं.

आता मुलगी. आईला दमा असला की मुलांना धोका थोडा वाढतो हे खरं, पण ठरलेलं काही नाही. लवकर, म्हणजे बाराच्या आत पाळी येणाऱ्या मुलींमध्ये पुढे दम्याचं प्रमाण काहीसं जास्त आढळलं आहे. इथे वजनाचा संबंध येतो. चरबीच्या पेशींत अरोमाटेज नावाचं विकर असतं, ते पुरुषी संप्रेरकांचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं, आणि वजन जास्त असलेल्या मुलींना पाळीही लवकर येते. शिवाय लठ्ठपणाने दमा औषधांना कमी दाद देतो, तो संप्रेरकांखेरीजही. प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए इस्ट्रोजेनची नक्कल करतं, आणि गाभण उंदरीला ते पाण्यातून दिल्यावर पिल्लांत दम्यासारखी सूज सहज घडवता आली, असा प्रयोग झालेला आहे. उंदरावरून माणसावर उडी मारायची माझी तयारी नाही, पण गरम भाजी प्लास्टिकच्या डब्यात न भरण्याला कुणाच्या परवानगीची गरजही नाही. तिच्याबाबतीत लक्ष ठेवायचं ते सर्दीनंतर तीन-तीन आठवडे रेंगाळणाऱ्या खोकल्यावर, रात्रीच्या खोकल्यावर, खेळताना मध्येच थांबून छाती धरण्यावर. यातलं काही दिसलं तर पाळी यायची वाट न बघता फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. दहा वर्षांच्या मुलीला ती नीट जमते.